स्वस्त धान्य मिळालं की घर जास्त खातं का? आणि बाजारभावाचं काय होतं?

मापाडी (धागाकर्ता)

अन्न-अनुदानाचा विषय निघाला की दोन विधानं ठरलेली. एक: स्वस्तात दिलं की लोक जास्त खातात. दुसरं: सरकार वाटायला बसलं की बाजार झोपतो. दोन्ही काही परिस्थितींत खरी आणि बऱ्याच परिस्थितींत साफ चूक. निवाडा करायला आधी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तोच सहसा कुणी विचारत नाही: कुटुंबाला मिळणारा कोटा, ते एरवी विकत घेतं त्यापेक्षा कमी आहे की जास्त?

हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी घेतलेत, कुठल्या देशाचे नाहीत. पैशाला 'एकक' म्हणू.

एक कुटुंब महिन्याला ४० किलो धान्य घेतं. बाजारभाव किलोला २० एकक, म्हणजे खर्च ८००. आता त्याला २५ किलो धान्य ५ एककांनी मिळू लागलं. किलोमागे १५ वाचले, एकूण ३७५. इथपर्यंत सगळे येतात, गडबड पुढच्या पायरीवर होते. या घराला एक्केचाळिसावा किलो हवा असेल तर तो कुठून येणार? बाजारातून, आणि २० एककांनाच. कोटा तोवर संपलेला असतो. 'अजून एक किलो घ्यावा का' हा निर्णय ज्या भावावर होतो, तो भाव हललेलाच नाही. त्यामुळे या घरात अनुदान भावातली सूट म्हणून शिरत नाही, ३७५ एककांची वाढीव मिळकत म्हणून शिरतं.

मिळकत वाढली की मुख्य धान्यावरचा खर्च थोडाच वाढतो. समजा जादा मिळकतीतले ८ टक्के धान्याकडे वळले. ३७५ चे ८ टक्के म्हणजे ३० एकक, म्हणजे दीड किलो. आता घरात धान्य ४१.५ किलो: कोट्यातलं २५, बाजारातलं १६.५. दिले २५ किलो, ताटात वाढले दीड किलो, बाजारातली खरेदी घटली २३.५ किलो. उरलेले ३४५ एकक तेल, अंडी, भाडं, औषधं, उधारी यांत गेले.

म्हणून 'धान्य वाटलं पण धान्याचा खप वाढला नाही, योजना फसली' हे विधान ऐकलं की मला हसू येतं. तो खप वाढणार नव्हताच. शोध घ्यायचा तो त्या ३४५ चा.

मांडणी जुनी आहे, हर्मन साउथवर्थ यांनी ती १९४५ मध्येच केली. कोटा गरजेपेक्षा मोठा असेल, कूपन असेल, रोख असेल तर काय, ते प्रतिसादांत घेऊ.

ताळेबंद

कोटा ५० किलोचा केला तर चित्र उलटं होतं. घर एरवी ४० घेत होतं, तेव्हा शेवटचा किलो आता कोट्यातलाच. इथे दोन शक्यता.

परत विक्री होत असेल तर वरच्या किलोची घरातली किंमत ना ५ ना २०, तर चोरबाजारात त्याचे जे मिळतील ती. समजा १४ मिळतात. कुटुंबाच्या दृष्टीने भाव २० वरून १४ वर आला, म्हणजे ३० टक्के घट. मागणीची लवचिकता (भाव एक टक्का हलला तर खप किती टक्के हलतो ते) ०.३ धरली तर खप ९ टक्के वाढतो, साधारण ३.६ किलो. मिळकतीमुळे होणारी वाढ त्याच्यावर थोडी अजून. बाकीचं धान्य विकलं जातं.

विक्री खरोखरच अशक्य असेल तर घर एक तर जबरदस्तीने जास्त खातं, नाही तर कोटा पूर्ण उचलतच नाही. न उचललेल्या कोट्याकडे नेहमी 'लोकांना गरज नाही' असं बोट दाखवलं जातं. आधी प्रत, दुकानाचं अंतर आणि एकदम भरावी लागणारी रक्कम तपासा.

कोनाडा

मापाडी, मांडणी सुबक आहे, पण तुमच्या गणिताप्रमाणे कूपन आणि रोख यांत काहीच फरक राहत नाही. प्रत्यक्षात फरक दिसतो. अमेरिकेतल्या स्नॅप योजनेवर (गरीब घरांना फक्त खाण्यावर खर्च करता येणारी मदत) जस्टीन हेस्टिंग्स आणि जेसी शापिरो यांनी किराणा साखळीतल्या ग्राहकांच्या खरेदीच्या नोंदी तपासल्या (२०१८). लाभातल्या प्रत्येक डॉलरमागे खाण्यावरचा खर्च ५० ते ६० सेंटनी वाढतो. तीच माणसं हातात रोख आली तर डॉलरमागे १० सेंटपेक्षा जास्त खाण्याकडे वळवत नाहीत. आणि यातली बहुतेक कुटुंबं लाभापेक्षा जास्त रक्कम खाण्यावर आधीच खर्च करत होती. म्हणजे तुमच्या 'कोटा कमी, गरज जास्त' या गटातलीच.

मापाडी

मान्य, आणि हा आकडा माझ्या मांडणीला खरंच अडचणीचा आहे. त्याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण म्हणजे मनातले वेगवेगळे डबे: खाण्याच्या नावाने आलेला पैसा माणूस खाण्याच्या डब्यात टाकतो. कागदावर तो कुठेही वळवता येत असला तरी.

दोन गोष्टी मात्र लक्षात घ्या. तो ५०-६० सेंटचा आकडा सगळ्या खाद्यपदार्थांचा आहे, एका धान्याचा नाही. कूपनवर घरात खाण्यासाठीचे बहुतेक पदार्थ घेता येतात, २५ किलोच्या पोत्याला ती मुभा नाही. शिवाय मेक्सिकोत २००३ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'पाल' योजनेत काही गावांना वस्तूंचा खोका आणि काही गावांना रोख, असं चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. तिथे एकूण अन्नाचा उपभोग दोन्हीकडे जवळपास सारखाच वाढला. म्हणजे डबा सगळीकडे तितकाच घट्ट नसतो.

नोंदवही

कूपनच्या इतिहासातला एक तपशील इथे चपखल बसतो. अमेरिकेत मे १९३९ मध्ये रॉचेस्टर शहरात पहिली योजना सुरू झाली तेव्हा दोन रंगांची कूपनं होती. नारिंगी कूपनं कुटुंबाने आपल्या नेहमीच्या खाद्यखर्चाइतके पैसे भरून घ्यायची. दर एक डॉलरच्या नारिंगीमागे ५० सेंटची निळी फुकट. निळी चालायची ती फक्त शिल्लक पडलेल्या शेतमालासाठी. हेतू अगदी उघड आहे: तुमचा जुना खर्च आम्ही नारिंगीत अडकवून ठेवतो, म्हणजे निळं कूपन खऱ्या अर्थाने जादा खाण्यावरच जाईल. मापाडींनी सांगितलेला 'बाजारातली खरेदी घटते' हा रस्ताच बंद केला होता.

पण आधी पैसे भरा, मग लाभ घ्या, ही अट सगळ्यात गरीब घरांनाच बाहेर ठेवायची, कारण महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी रोकड त्यांच्याकडेच नसते. नंतरच्या योजनेतही ही अट राहिली होती. १९७७ च्या कायद्याने ती काढली आणि १९७९ मध्ये अंमल झाल्यावर लाभार्थी झपाट्याने वाढले. मागणी वाढवायची की गरिबापर्यंत पोचायचं, यातलं एक निवडावं लागलं.

वखार

इथपर्यंत एका घराचं झालं. आता बाजाराचं बघू, कारण 'बाजार बसतो' या विधानाचा निकाल एका प्रश्नावर लागतो: वाटायचं धान्य आलं कुठून?

मापाडींचेच आकडे घेतो. बाजारात १,००० घरं, प्रत्येकी ४० किलो, म्हणजे मागणी ४०,००० किलो. त्यातल्या ५०० घरांना २५ किलो मिळतात, म्हणजे वाटप १२,५०० किलो. या ५०० घरांची बाजारातली खरेदी प्रत्येकी २३.५ ने घटली: ११,७५० किलो.

सरकारने ते १२,५०० किलो याच बाजारातून उचलले असतील तर एका दाराने ११,७५० ची मागणी गेली आणि दुसऱ्या दाराने १२,५०० ची आली. निव्वळ वाढ ७५० किलो, म्हणजे १.८७५ टक्के. भावातला बदल काढायला ठोकताळा सोपा आहे: मागणीतला टक्केवारी बदल भागिले पुरवठ्याची आणि मागणीची लवचिकता यांची बेरीज. पुरवठ्याची ०.२ (पीक एकदा उभं राहिलं की पुरवठा फारसा हलत नाही), मागणीची ०.३. १.८७५ भागिले ०.५, म्हणजे भाव ३.७५ टक्के वर.

बसणं सोडा, बाजार किंचित चढला. ज्यांना लाभ नाही त्या घरांना ४० किलोमागे महिन्याला ३० एकक जास्त मोजावे लागले. लाभार्थी घरालाही बाजारातल्या १६.५ किलोवर सुमारे १२ एकक जास्त पडले. योजनेच्या मूल्यमापनात हे १२ क्वचितच वजा केलेले दिसतात.

वर साठवणुकीतली घट घाला. ५ टक्के माल खराब झाला तर १२,५०० हातात द्यायला १३,१५८ उचलावे लागतात. निव्वळ वाढ ७५० वरून १,४०८ वर, जवळपास दुप्पट. गोदामातली नासाडी हा नुसता लेखापरीक्षणाचा मुद्दा नाही, लाभ न मिळणारं घर ती भावातून भरतं.

धान्य बाहेरून आयात केलेलं किंवा मदतीत आलेलं असेल तर मात्र ११,७५० ची मागणी गेली ती गेलीच. तिथे स्थानिक शेतकऱ्याचा भाव पडतो.

उंबरठा

म्हणजे आयातीच्या बाबतीत ११,७५० म्हणजे २९ टक्के, भागिले ०.५, भाव ५९ टक्क्यांनी पडणार?

वखार

नाही, तिथे ते सूत्र लावू नका. ते लहान बदलांपुरतं आहे. एवढी मोठी घट झाली की व्यापारी माल शेजारच्या बाजारात हलवतो, साठा करतो, शेतकरी विक्री लांबवतो आणि लवचिकता ०.५ राहतच नाही. दिशा बरोबर, आकडा टाकाऊ.

अजून एक. खरेदी सुगीच्या पाच-सहा आठवड्यांत होते, वाटप बारा महिने. वर्षाची गोळाबेरीज शून्याजवळ आली तरी सुगीत भाव वर ओढला जातो आणि टंचाईच्या महिन्यांत खाली. वार्षिक सरासरी भाव घेऊन 'काहीच परिणाम नाही' म्हणणारे अहवाल मी बाजूला ठेवतो.

ताळेबंद

वखार, तुमच्याच गणितात गळती घालून पाहिली. निकाल थोडा विचित्र आहे म्हणून पूर्ण देतो.

२० टक्के गळती धरू. १२,५०० पैकी २,५०० किलो मधल्या मध्ये खुल्या बाजारात विकले गेले. घरी पोचले प्रत्येकी २० किलो. लाभ ३००, त्याच्या ८ टक्क्यांचं धान्य १.२ किलो, म्हणून बाजारातली खरेदी ४१.२ वजा २० म्हणजे २१.२. घट १८.८ किलो, ५०० घरांची ९,४००. त्यात गळतीचे २,५०० पुरवठा म्हणून परत आले. एकूण ११,९००. सरकारी उचल १२,५००. निव्वळ ६०० किलो.

गळतीशिवाय निव्वळ ७५० होते, गळतीसह ६००. बाजारभावाला फरक जवळपास कळतच नाही! पण लाभार्थ्यांच्या हातून दर महिन्याला २,५०० गुणिले १५, म्हणजे ३७,५०० एकक गेले. तेव्हा 'भाव स्थिर आहेत, म्हणजे वाटप नीट चाललंय' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. गळती भावात दिसत नाही, उचल आणि घरात पोचलेलं यांच्या ताळ्यात दिसते.

उंबरठा

+१. वाचवून ठेवतोय.

सांजवात

मुख्य धान्य स्वस्त केल्यावर त्याचा खप चक्क कमी होऊ शकतो, हे अजून कुणी आणलं नाही. रॉबर्ट जेन्सन आणि नोलन मिलर यांनी चीनमध्ये हुनान आणि गान्सू प्रांतांत गरीब शहरी कुटुंबांना पाच महिने सवलतीची कूपनं दिली, हुनानला तांदळासाठी, गान्सूला गव्हाच्या पदार्थांसाठी. कूपन दर जिनमागे (अर्धा किलो) ०.१०, ०.२० किंवा ०.३० युआनचं. हुनानमध्ये तांदूळ स्वस्त झाल्यावर लोकांनी तांदूळ कमी खाल्ला. गान्सूमध्ये पुरावा तितका ठाम नाही.

कारण असं. पोट भरण्यापुरते उष्मांक सगळ्यात स्वस्तात भातातून येतात. भात महाग झाला की मांसाचे चार तुकडे सोडावे लागतात आणि ती जागा पुन्हा भातानेच भरते. भात स्वस्त झाला की उलट. पण हे घडायला घर एका अरुंद पट्ट्यात असावं लागतं: उष्मांकांतला मोठा वाटा मुख्य धान्याचा, तरी सोडायला थोडंफार दुसरं काही ताटात असलेलं. ज्यांच्या उष्मांकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त आधीच धान्यातून येत होते, त्या सगळ्यात गरीब घरांत हा प्रकार दिसला नाही. त्यांच्याकडे सोडायला काही नव्हतंच.

त्याच दोघांनी २०११ मध्ये पोषणाचा हिशेब मांडला. कूपनमुळे पोषण सुधारल्याचा पुरावा मिळाला नाही. लोकांनी चव विकत घेतली.

कोनाडा

सांजवात, 'चव विकत घेतली' यात थोडा तुच्छतेचा सूर लागतो. मांसाचा तुकडा हे पोषणसुद्धा आहे.

सांजवात

तसा हेतू नव्हता. उष्मांक वाढले नाहीत आणि प्रथिनांतही सुधारणा आढळली नाही, एवढंच म्हणायचं होतं. जगण्याचा दर्जा वाढला असेलच.

नोंदवही

एका धान्यावर सवलत आणि शेजारच्या धान्यावर नाही, याचा परिणाम वेगळा मोजायला हवा. भारतात गहू-तांदळाच्या सवलतीचा विस्तार २००२ नंतर झाला, त्यावर नीरज कौशल आणि फेलिक्स मुचोम्बा यांचा २०१५ चा अभ्यास आहे. एकूण पोषणावर परिणाम आढळला नाही. मात्र घरातला गहू-तांदूळ वाढला आणि भरड धान्यं घटली. मापाडींच्या हिशेबात घरात एकच धान्य आहे, म्हणून हे दिसत नाही. दोन धान्यं असतील तर कोट्यातलं पोतं दारात आल्यावर आधी बंद होते ती सवलत नसलेल्या धान्याची खरेदी. मग त्याची मागणी पडते, पेरा घटतो, आणि काही वर्षांनी 'लोकच ते खात नाहीत' असं म्हणून ते यादीत घेतलं जात नाही.

भरड धान्य नंतर यादीत आलं तरी लगेच फरक पडत नाही. दळण, साठवण, रांधायचा वेळ, या सवयी मोडलेल्या असतात.

रहाटगाडगं

दुर्गम बाजार आणि जोडलेला बाजार यांत फरक करा, नाहीतर सगळ्या अभ्यासांचे निकाल एकमेकांना छेद देताना दिसतील.

मेक्सिकोच्या त्याच योजनेत रोख मिळालेल्या गावांच्या तुलनेत वस्तू मिळालेल्या गावांत त्या वस्तूंचे भाव सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहिले. परिणाम दुर्गम गावांत जास्त. फिलिपाइन्समध्ये रोख मदत दिलेल्या, बहुतेक घरं लाभार्थी असलेल्या दुर्गम भागांत अंड्यांसारख्या नाशवंत पदार्थांचे भाव चढले आणि लाभ न मिळालेल्या घरांतल्या लहान मुलांमध्ये वाढ खुंटण्याचं प्रमाण वाढलं. याउलट केनियात ६५३ गावांच्या प्रयोगात सुमारे १०,५०० गरीब घरांना मोठ्या रकमा दिल्या तरी भाववाढ सरासरी ०.१ टक्का.

विरोधाभास नाही. नाशवंत माल, वाईट रस्ते, दोन-तीनच दुकानदार, आणि निम्म्याहून जास्त घरं लाभार्थी: हे सगळं एकत्र आलं की रोख देणं शेजाऱ्याला महाग पडतं. तिथे वस्तू द्या. बाजार जोडलेला असेल तर रोख द्या आणि गोदामांचा खर्च वाचवा.

ताळेबंद

व्हाउचर द्यायचं ठरलं तर पुढचा प्रश्न: 'इतक्या रुपयांचं' की 'इतक्या किलोचं'? वरवर सारखं वाटतं, वागणूक पूर्ण वेगळी.

किलोचं व्हाउचर असेल तर ग्राहकाला भावाची फिकीर उरत नाही, पाच किलो म्हणजे पाच किलो. मग दुकानदार भाव वाढवतो आणि बिल सरकारला जातं. अमेरिकेत गरोदर महिला आणि लहान मुलांसाठीच्या 'विक' योजनेत नेमकं हे झालं. जवळजवळ फक्त याच व्हाउचरवर चालणारी दुकानं निघाली आणि त्यांचे भाव चढे. २००४ मध्ये कायद्याने त्यांना वेसण घालावी लागली.

रकमेचं व्हाउचर असेल तर ग्राहक घासाघीस करतो, पण महागाईची जोखीम त्याच्या डोक्यावर. श्रीलंकेने १९७९ मध्ये तांदळाचा कोटा काढून ठरावीक रकमेची कूपनं दिली आणि रक्कम महागाईला जोडली नाही. काही वर्षांतच त्यांची खरेदीक्षमता निम्म्यावर आली. घोषणा न करता अनुदान कमी करायचा हा सगळ्यात शांत मार्ग आहे, म्हणून अर्थखात्यांना तो आवडतो.

मधला उपाय: रक्कम ठेवा, पण दर तिमाहीला अन्नाच्या निर्देशांकाप्रमाणे आपोआप बदलेल असं नियमातच लिहा. 'गरजेनुसार आढावा' असं लिहिलं की तो आढावा होत नाही.

मापाडी

ताळेबंद, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा. त्यालाच जोडून: अनुदान साखळीत कुठे टाकायचं?

इजिप्तमध्ये पूर्वी बेकरीवाल्याला पीठ स्वस्त मिळायचं. त्याने भाकरी भाजून जेवढं कमवावं त्याहून जास्त ते पीठ तसंच चोरबाजारात विकून मिळायचं. मग तो भाकरी का भाजेल? २०१४ च्या सुमाराला रचना फिरवली. बेकरीने पीठ बाजारभावाने घ्यायचं आणि कार्डावर विकल्या गेलेल्या भाकरीमागे सरकारने फरक द्यायचा. माणशी दिवसाला पाच भाकरी. चोरायला स्वस्त पीठच उरलं नाही. चोरी मग खोट्या विक्रीच्या नोंदींकडे सरकू शकते, पण पीठाच्या पोत्यापेक्षा नोंद पकडणं सोपं.

भाकरीचा भाव मात्र दशकानुदशकं ५ पियास्टरवर (पियास्टर म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) अडकला होता, तो जून २०२४ मध्ये २० झाला. इतकं स्वस्त अन्न जनावरांच्या पेंडीपेक्षा स्वस्त पडलं की ते गोठ्यात जातं. भाकरीचा 'खप' वाढलेला दिसतो, खाणारा वेगळाच असतो. तपासणी सोपी आहे: किलोमागे अनुदानित अन्नाचा भाव आणि पशुखाद्याचा भाव शेजारी-शेजारी मांडा. पहिला दुसऱ्याच्या खाली गेला की उरलेलं अनुमान काढायला सर्वेक्षण लागत नाही.

उंबरठा

मग भाव वाढवा म्हणायला सोपं. १९७७ च्या जानेवारीत इजिप्तमध्येच भाव वाढवल्यावर दंगली झाल्या आणि निर्णय मागे घ्यावा लागला. ट्युनिशियात १९८४ ला तेच.

मापाडी

हो. म्हणून ट्युनिशियाने नव्वदच्या दशकात आडवळण घेतलं. भाव चढवण्याऐवजी अनुदान साध्या, सुट्या, कमी दिखाऊ प्रकारांवर ठेवलं आणि चांगल्या वेष्टनातले प्रकार बाजारभावाने खुले केले. ऐपत असलेला आपणहून बाजूला होतो, यालाच स्वनिवड म्हणतात. फक्त प्रत आणि पोषण यांची गल्लत करू नये. सुटं तेल चालेल, भेसळीचं तेल म्हणजे स्वनिवड नव्हे.

रहाटगाडगं

इंडोनेशियाचा प्रयोग या यादीत हवाच. तिथे तांदूळ वाटपात गावपातळीवर यादी बाजूला ठेवून सगळ्यांना सारखा वाटा द्यायची पद्धत पडली होती, त्यामुळे गरीब घराला हक्कापेक्षा बरंच कमी मिळायचं. सरकारने १०५ जिल्ह्यांत चिठ्ठ्या टाकून इलेक्ट्रॉनिक व्हाउचरकडे जायचा क्रम ठरवला. व्हाउचरवर खासगी विक्रेत्यांकडून तांदूळ आणि अंडी. लक्ष्य घरांना ४६ टक्के जास्त मदत पोचली आणि सर्वांत गरीब १५ टक्के घरांमधली गरिबी २० टक्क्यांनी घटली. तांदळाची प्रत सुधारली, अंडी वाढली. अनुदानाची रक्कम साधारण तेवढीच होती. बदललं ते एवढंच, की व्हाउचर घराच्या नावावर असल्यामुळे ते वाटून टाकता येत नव्हतं.

नोंदवही

आता मोजणीबद्दल, कारण निम्मे वाद आकडे कसे गोळा केले यावरून असतात.

सवलतीचं धान्य खर्चात कुठल्या भावाने धरलं? कार्डावरच्या भावाने धरलं तर लाभ मिळालेल्या घराचा धान्यखर्च कागदावर घटलेला दिसतो, जणू ते आधीपेक्षा गरीब झालं! मापाडींच्या घराचा धान्यखर्च ८०० वरून ४५५ झाला (१२५ अधिक ३३०). बाजारभावाने धरलं तर तो ८३० होतो. भारताच्या २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात म्हणूनच दोन वेगळे आकडे दिले आहेत: फुकट मिळालेल्या वस्तूंचं मूल्य धरून आणि न धरता. उतारा देताना कुठला घेतला ते लिहा.

बाजारभाव लावतानाही प्रत बघा. कोट्यातलं धान्य बाजारातल्या मधल्या प्रतीच्या भावाने धरलं तर लाभ फुगतो. त्याच दर्जाच्या मालाचा भाव घ्या.

आणि भेटीची तारीख. स्नॅपच्या लाभार्थ्यांत महिन्याच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत उष्मांक १० ते १५ टक्क्यांनी घसरतात, हे शापिरो यांनीच २००५ मध्ये दाखवलं. सगळ्या मुलाखती वाटपानंतरच्या आठवड्यात झाल्या तर योजना छान दिसते, चौथ्या आठवड्यात झाल्या तर कुचकामी. घरांचे चार गट पाडून प्रत्येक आठवड्यात एक गट घ्यायचा.

उंबरठा

नोंदवहीताई, एक शंका. प्रश्नावलीत 'किती धान्य खाल्लं' विचारायचं की 'किती घेतलं'?

नोंदवही

दोन्ही, आणि मधला साठा. महिन्याच्या सुरुवातीचा साठा अधिक बाजारातली खरेदी अधिक कोटा अधिक घरचं पिकलेलं, वजा विकलेलं, कुणाला दिलेलं, जनावरांना घातलेलं, बियाण्याला ठेवलेलं, वजा अखेरचा साठा. उरेल ते खाल्लेलं. 'विकलं का' असं थेट विचारलं तर उत्तर नाहीच येतं, कारण बहुतेक ठिकाणी तो गुन्हा आहे. साठा डबा उघडून मापाने घ्या, अंदाजाने नाही. बेरजेत जे धान्य कुठेच सापडत नाही, त्याचं वजन वेगळ्या रकान्यात लिहा आणि घरमालकिणीला त्यावर खोदून विचारू नका.

पाहुणे आणि बाहेरचं जेवणही नोंदवा. मुलं शाळेत जेवत असतील तर घरातलं धान्य तेवढं कमी लागतं, आणि ते अनुदानाच्या खात्यावर चुकून जमा होतं.

वखार

यात भावाची नोंद कुठल्या दुकानातून घ्यायची तेही ठरवा. लाभार्थी जिथे उरलेले १६.५ किलो घेतात ते दुकान, शहरातला घाऊक बाजार नव्हे. आणि योजना सुरू होण्याआधीची फेरी सुगीत, नंतरची टंचाईत असं झालं तर फरक हंगामाचा निघेल. दोन्ही फेऱ्या एकाच महिन्यातल्या घ्या, आणि योजना न पोचलेलं एखादं गाव तुलनेला ठेवा. फक्त ते गाव त्याच बाजारातून धान्य घेत नसावं, नाहीतर भावाचा परिणाम त्यालाही लागलेला असतो आणि तुलना वाया जाते.